कोपरे कोण बुजवणार?

आमच्या रानाच्या वरच्या अंगाला हद्दीचा एक दगड उभा आहे. मी चौथीत असताना त्याच्यावर बसलो की दोन्ही पाय मातीला टेकायचे. गेल्या दिवाळीत नातीनं त्याच दगडावर बसायचा हट्ट धरला, तर तिला काखेत धरून उचलून बसवावं लागलं. तीही चौथीतच आहे, आणि त्या वयातल्या माझ्यापेक्षा उंच निघाली आहे. दगड काही वाढलेला नाही. मातीत गाडलेला त्याचा बिनघडीव, खडबडीत भाग आता उघडा पडलाय. टेप लावून पाहिलं, वीतभर भरला. त्यातली किती माती माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या हयातीत गेली आणि किती रान माझ्या हाती आल्यावर, हे दगड सांगत नाही. मला मात्र अंदाज आहे.

भूगोलाचा मास्तर म्हणून चौतीस वर्षं मी फळ्यावर ‘मृदेची धूप’ लिहीत आलो. कारणं सांगा, परिणाम सांगा, उपाय लिहा, पाच गुण. हे शिकवून संध्याकाळी मोटारसायकलवरून रानात जायचो, तेव्हा माझीच माती ओढ्यात चाललेली असायची. कारण आण्णा दर आषाढात करायचे ते एक काम मी बंद केलं होतं. हे लिहितोय ते त्या कामाबद्दल.

आमची रानं मंगळवेढ्याकडची, संत दामाजीपंतांच्या मुलखातली. काळी, खोल, चिकट. ज्वारीचं कोठार म्हणून मिरवणारी. २०१६ साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याकडचा पाऊस मुळात कमी, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. म्हणून जुनी पद्धत अशी की खरिपात रान मोकळं ठेवायचं, पावसाळाभर पाणी मातीत मुरवायचं आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास चाड्यावर मूठ धरायची. पुढे थंडीभर पाऊस नाही. ज्वारी उभी राहते ती पोटातल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर.

यात एक मोठी गोम आहे. पावसाळ्याचे तीन महिने रान उघडं असतं. वर पीक नाही, पाला नाही. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पहिले दोन-तीन पाऊस गटागटा पितात, म्हणून माणूस निर्धास्त होतो. मग काळी माती फुगते, भेगा मिटतात आणि तोंडं बंद होतात. त्यानंतर आलेला मोठा पाऊस आत शिरत नाही, वरून निघून जातो आणि जाताना वरची साय घेऊन जातो. काळ्या रानातून गढूळ पाणी वाहताना पाहिलंय का कुणी? काळ्या चहासारखं दिसतं. त्यात दरवर्षी घातलेलं शेणखत असतं, हाडाची काडं करून केलेली मशागत असते.

आण्णा यावर काय करायचे? ज्येष्ठाच्या शेवटी कुळवाची पाळी झाली की सारायंत्राला बैल जुंपायचे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन फळ्या, पुढून फाकलेल्या, मागं जवळ आलेल्या. ओढत नेलं की दोन्हीकडची भुसभुशीत माती गोळा होऊन मधे वरंबा पडतो, वीत-सव्वावीत उंचीचा. आधी उताराला आडवे वरंबे, सहा-सहा पावलांवर. ते झाले की त्यांना छेदून उभे. सगळं रान चौकटीच्या वहीसारखं दिसायचं. पुस्तकात याला ‘बंदिस्त वाफे’ म्हणतात, आम्ही नुसते वाफे म्हणायचो. पाऊस पडला की प्रत्येक वाफा आपलं पाणी आपल्यापाशी ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर उभं राहिलं की शेकडो चौकोनी आरसे. मला ते दृश्य फार आवडायचं, पण त्यासाठी जे करावं लागतं ते मुळीच आवडायचं नाही.

कारण खरं काम पुढं असतं. उभा वरंबा ओढताना यंत्र आधीचा आडवा वरंबा कापून जातं. जिथं दोन रेघा छेदतात तिथं नव्या वरंब्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तोंड उघडं पडतं. ही तोंडं खोऱ्यानं बुजवली नाहीत तर पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात पळत सुटतं आणि अख्खं रान जोडून दिल्यासारखं होतं. सहा मीटरचे वाफे धरले तर एकरात एकशेदहाच्या आसपास वाफे बसतात. म्हणजे शंभरेक चौक, दोनशेच्या आसपास तोंडं. आण्णा पुढं बैलांमागं चालायचे आणि आई मागून कोपरे बुजवत यायची. लोक म्हणायचे, मास्तरांच्या आण्णांनी वाफे पाडले. आईनं बुजवले असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. मीही कधी म्हटलं नव्हतं.

आता थोडं गणित, सवय जात नाही. एकरावर चाळीस मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक बऱ्यापैकी सर, तर एक लाख साठ हजार लिटर पाणी झालं. त्यातलं निम्मं वाहून गेलं तर दहा हजार लिटरचे आठ टँकर एका पावसात एका एकरातून गेले. उन्हाळ्यात गावात एक टँकर आला तर केवढी झुंबड उडते ते आठवा. हेच चाळीस मिलिमीटर सहा बाय सहाच्या वाफ्यात पडले तर चौदाशे चाळीस लिटर होतात आणि वाफ्यात चार बोटांपेक्षाही कमी उंचीचं पाणी उभं राहतं. त्याला अडवायला वीतभर वरंबा पुरतो. धरण लागत नाही, सिमेंट लागत नाही. मातीचंही असंच. एकरावरून एक मिलिमीटर थर गेला, म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन-तीन पदरांएवढा, तर चार घनमीटर माती गेली, वजनात पाच टनांच्या घरात. डोळ्यांना दिसतही नाही. दिसायला हद्दीचा दगड लागतो.

ही काही आमच्या घराण्याची गुप्त विद्या नाही. इंग्रजांच्या काळात, १९३३ साली, सोलापुरात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला सुरुवात झाली. तिथले संशोधक कानिटकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऊस किती पडतो, किती वाहतो, बरोबर माती किती नेतो, हे मोजलं. कानिटकरांचा ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हा ग्रंथ १९४४चा. त्याच सुमारास, १९४२ साली, मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि बांधबंदिस्तीला सरकारी बळ मिळालं. पुढं बहात्तरच्या दुष्काळात तर गावोगाव बांध पडले. मी दहा वर्षांचा होतो. आई कामावर जायची आणि मी दुपारी भाकरी घेऊन जायचो. माती काढलेल्या खड्ड्यात मधोमध मातीचा एक खांब न खणता ठेवलेला असायचा. किती खोल खणलं ते मोजणाऱ्याला कळावं म्हणून. आजही मला ते खांब आठवतात, ओळीनं उभे, डोक्यावर गवताची टोपी घातलेले.

त्या बांधांनी लाखो लोकांना जगवलं, याबद्दल दुमत नाही. पण खोल काळ्या रानात मोठे बांध नीट टिकले नाहीत, हेही पुढं शेतकऱ्यांनी आणि संशोधकांनी, दोघांनीही सांगितलं. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते तशी बांधालाही भेग पडते आणि पहिल्या मोठ्या पावसात तिथूनच तो फुटतो. फुटला नाही तर बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून पट्टा चिबडतो. आणि दोन बांधांच्या मधल्या रानात धूप चालूच राहते. एकाच ठिकाणी पाणी गोळा करून मग त्याच्याशी झुंजण्यापेक्षा ते पडतं तिथंच शंभर ठिकाणी वाटून ठेवावं, हा वाफ्यांमागचा सगळा विचार. आण्णा तिसरी शिकले होते. त्यांनी कानिटकर वाचलेले नव्हते.

आण्णा १९९९ साली गेले. दोन वर्षांत मी बैल विकले. नोकरी, मुलांची शिक्षणं, आई थकलेली. ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं की तो नांगरून, रोटर मारून द्यायचा. वाफ्यांचं नाव काढलं की म्हणायचा, ‘मास्तर, त्यात डिझेल जातंय, वर कोपरं कोण बुजवणार?’ प्रश्न बरोबर होता. मी उत्तर शोधलं नाही. तेरा वर्षं रान तसंच उघडं ठेवलं. वरच्या पट्टीत हळूहळू चुनखडीचे खडे दिसायला लागले, रान पांढुरकं पडलं. मधून एक ओघळ तयार झाली. आधी तिफणीला अडायची नाही, मग अडायला लागली, मग तिफण उचलून न्यावी लागायची. ओघळ एका वर्षात होत नाही, म्हणूनच माणूस तिला सोसत जातो.

२०१४ साली पुन्हा सुरुवात केली, ती अर्ध्या रानात. उरलेलं तसंच ठेवलं. काही संशोधन म्हणून नव्हे, मजूरच मिळेनात म्हणून. पण २०१८च्या दुष्काळानं परीक्षा आपोआप घेतली. सप्टेंबर जवळजवळ कोरडा गेला. ऑगस्टात दोन सरी झाल्या होत्या, तेवढ्याच. पेरणी दोन्हीकडं एकाच दिवशी, बी एकच, मालदांडी. वाफे मोडून पेरलेल्या रानात एकरी चार पोती झाली, तीही बारीक दाण्याची. वाफे न पाडलेल्या शेजारच्या पट्टीत ज्वारी पोटरीत आली आणि तिथंच थबकली. कडबा तेवढा मिळाला. चार पोत्यांनी कुणी श्रीमंत होत नाही. पण घरी खायला होती आणि गुरांना वैरण होती. त्या वर्षी आमच्या भागात एवढंही फार होतं.

फसलोही आहे, तेही सांगतो. एका वर्षी ट्रॅक्टरचे तास वाचवायला मी वाफे वीस बाय वीस मीटरचे पाडून घेतले, आणि तेही खालच्या, जास्त उताराच्या पट्टीत. उतार वाढला की वाफा लहान करायचा, हे मीच लोकांना सांगत होतो. सप्टेंबरात एका रात्री जोराचा पाऊस झाला. मोठ्या वाफ्यात सगळं पाणी खालच्या वरंब्याला जाऊन टेकलं. एक फुटला, त्याचं पाणी खालच्यावर गेलं, तोही फुटला. सकाळी पाहतो तर वरून खालपर्यंत एक नवी ओघळ, आणि ती मीच पाडलेली. वाफे नसते तर कदाचित एवढी पडली नसती. चुकीच्या जागी किंवा चुकीच्या मापानं केलेली बंदिस्ती न केल्यापेक्षा वाईट, हे मी त्या सकाळी पैसे देऊन शिकलो.

मर्यादा आणखीही आहेत. डोंगरउताराच्या मुरमाड जमिनीला वाफे नकोत, तिथं समतल चर हवेत. खरिपात तूर-बाजरी घेतो त्या रानात हे जमत नाही. अतिपावसाच्या वर्षी पाणी लवकर हटत नाही, वापसा लांबतो आणि खोरं घेऊन आपलेच वरंबे फोडत फिरावं लागतं. आणि १४ ऑक्टोबर २०२०ला झाला तसा पाऊस झाला, पंढरपुरात घाटाची भिंत कोसळली तो, तर वाफ्यांकडून काही अपेक्षा करू नये. २०२५च्या सप्टेंबरात सीनाकाठची रानं नदीनं खरवडून नेली, तिथंही वाफ्यांनी काही झालं नसतं. नदी बाहेर पडते तेव्हा तिच्याशी बोलायची भाषा वेगळी आहे.

पण त्या पुरानंतरच्या मदतीतली एक गोष्ट मनात रुतून बसली. खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी सत्तेचाळीस हजार रुपये जाहीर झाले. द्यायलाच हवे होते, कमीच आहेत. म्हणजे माती गेली की तिची किंमत सरकारदरबारी ठरते. एका रात्रीत गेली पाहिजे, एवढीच अट. माझ्या दगडापाशी वीतभर माती पंचावन्न वर्षांत गेली, तिचा पंचनामा कुणी करत नाही. आणि ती जाऊ नये म्हणून दरवर्षी वाफे पाडणाऱ्यालाही छदाम मिळत नाही.

अनुदान मिळतं ते शेततळ्याला. त्याच्याशी माझं वैर नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, पन्नास हजारांपर्यंत अनुदान होतं, पुढं ते पंचाहत्तर हजारांपर्यंत गेलं. ज्या तळ्यात शिवारातलं वाहतं पाणी येतं, गाळ थांबतो, ते तळं सोन्याचं. पण आमच्याकडं आणि शेजारच्या डाळिंबाच्या पट्ट्यात फिरून बघा. किती तरी तळी उंचवट्यावर, चारी बाजूंनी बांध घालून, प्लॅस्टिक अंथरून केलेली. त्यात पावसाचं वाहतं पाणी शिरायला वाटच नाही. ती बोअरनं आणि विहिरीनं भरतात. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात वाळत घालायचं, त्याला जलसंधारण म्हणायचं. बागवाल्याची गरज मला कळते, त्याचं झाड मे महिन्यात जगलं पाहिजे. पण तो पाण्याचा साठा झाला. त्यानं शिवारातला एक थेंब अडत नाही आणि मातीचा एक कणही थांबत नाही. दोन्हीला एकच नाव देऊ नये.

वाफ्यांना अनुदान का नाही, याचा मी बराच विचार केला. माझं उत्तर असं आहे की सप्टेंबरात पेरणीआधी आम्ही ते मोडून टाकतो. डिसेंबरात पाहणीला कुणी आलं तर दाखवायला काही नसतं, हिरवी ज्वारी तेवढी असते. रोजगार हमीत भर टिकाऊ मत्तेवर. जे तीन महिन्यांत मातीत मिसळतं ते मत्तेत धरता येत नाही. त्याची फीत कापता येत नाही, त्यावर पाटी लावता येत नाही. ठेकेदाराला त्यात काही नाही आणि जेसीबीला तर त्या रानात उतरायचीही गरज नाही.

खर्च किती? आमच्याकडच्या दरानं ट्रॅक्टरचा एकरी तास-सव्वा तास आणि कोपऱ्यांना दोन बायांचा अर्धा दिवस. दीड ते पावणेदोन हजार रुपये. एका शेततळ्याच्या अनुदानात चाळीस एकरांचे वाफे एका हंगामापुरते होतात. तळं अनेक वर्षं टिकतं आणि वाफे दरवर्षी पाडावे लागतात, हे मान्य. पण पेरणीही दरवर्षीच करतो.

पद्धत सुटणं हे एकट्या आमच्याकडचं नाही. अमेरिकेतल्या कोरड्या पठारांवर, टेक्साससारख्या भागात, १९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेतं उडून गेली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी सऱ्यांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर मातीचे आडबांध घालून असेच छोटे खड्डे करायला सुरुवात केली. त्यासाठी अवजारंही निघाली. १९५०पर्यंत ती पद्धत जवळजवळ सुटली. काम हळू चालायचं आणि तण काढताना ते आडबांध मधे यायचे. १९७०च्या दशकात सुधारलेली अवजारं आली, तणनाशकं आली आणि पद्धत परतली. मला हे वाचताना आमचा ट्रॅक्टरवाला आठवला. पद्धत चांगली आहे हे पटल्यानं कुणी ती करत नाही. हाताशी अवजार असलं आणि मधलं जिकिरीचं काम सुटलं तरच करतो. आमच्याकडं ते जिकिरीचं काम म्हणजे कोपरे.

म्हणून माझ्या मागण्या अगदी किरकोळ आहेत. कोरडवाहू रब्बीच्या प्रत्येक गावात पंचायतीकडं ट्रॅक्टरचं सारायंत्र असावं, एक नव्हे, दोन-तीन. जूनअखेर ते दुरुस्त असावं, ऑगस्टात नव्हे. आणि कोपरे बुजवायची मजुरी रोजगार हमीतून मिळावी, ती त्या बायांच्या नावावर, बांधावर उभ्या राहणाऱ्या मालकाच्या नावावर नव्हे. पुरावा हवा असेल तर जुलैत फोटो काढा. हल्ली घरकुलाचा, शौचालयाचा, झाडाचा फोटो अक्षांश-रेखांशासकट काढता येतोच. वाफ्यांचा का येऊ नये? सप्टेंबरात ते मोडले की हरकत घेऊ नका, मोडण्यासाठीच ते केलेले असतात. आणि कृषी महाविद्यालयातल्या हुशार पोरांनी कोपरे न उघडणारं, निदान आपोआप बुजवणारं एखादं स्वस्त अवजार काढलं, तर त्यांच्या पायावर डोकं ठेवायला मी मंगळवेढ्याहून येईन.

यंदाही आषाढात वाफे पाडायचे आहेत. आमच्या गावात साडेतीनशे खातेदार आणि सारायंत्रं दोन. त्यातलं एक माझं, गोठ्याच्या मागं पत्र्याखाली ठेवलेलं असतं. ज्याला हवं त्यानं घेऊन जावं, भाडं नको. परत आणताना फळ्यांची माती तेवढी आपल्याच रानात झाडून यावी.